हस्तदोष

महसूल खात्यात ३२ वर्षे कारकुनीचे जू वाहून निवृत्त झालेल्या मनुष्यास घरात बसवून ठेवणे हे घरच्या मंडळींना किती जड जाते, याची कल्पना ज्यांच्या घरी तसा मनुष्य आहे त्यांनाच येईल. आवक-जावक वही समोर नसली की अशा मनुष्याची बोटे शिवशिवतात. मग तो दूधवाल्याच्या खाड्यांची तपशीलवार यादी करतो, मोलकरणीच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपून ठेवतो आणि कोथिंबिरीची जुडी मागील आठवड्यापेक्षा बारीक का, याबद्दल भाजीवालीकडे खुलासा मागतो. गेल्या पावसाळ्यात मी आठ दिवसांसाठी मारुंजीस भाचीकडे राहावयास गेलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिच्या मोलकरणीने काम सोडण्याचा निर्वाणीचा इशारा दिला, आणि म्हणूनच, माझ्या अनुभवाविषयी काही विशेष आदर वाटून नव्हे, भाची सोमवारी सकाळी मला म्हणाली, "मामा, तुम्ही आपले माझ्याबरोबर शाळेत चला. तिथे लिहायला भरपूर आहे."

भाची शेजारच्या नेऱ्यात प्राथमिक शिक्षिका असून पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग तिच्याकडे एकाच खोलीत नांदतात. नेरे हे मुळशी तालुक्यातले गाव. तालुक्याची कचेरी पौडला. परंतु गावाचे तोंड मात्र हिंजवडीकडे. एका अंगाला माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या कंपन्या, दुसऱ्या अंगाला कासारसाईचे धरण, आणि या दोहोंच्या मध्ये दरवर्षी थोडी थोडी आखडत जाणारी भातखाचरे, असा त्या गावाचा सांप्रतचा चतुःसीमेचा तपशील आहे. शाळा नेमकी कोणती हे मी सांगणार नाही. ज्या मजकुरात अज्ञान इसमांच्या अब्रूचा प्रश्न येतो त्यात नावे घालू नयेत असा माझा शिरस्ता आहे. कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरात आणला तो मनुष्य इयत्ता दुसरीच्या वर्गात कधी अर्धा तासही बसला नसावा.

शाळा मोजण्याचे काम मला अगदीच नवखे होते असेही नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा शिक्षण खात्याच्या साह्यास आमच्या खात्याची माणसेही जुंपली गेली होती. एकच मूल सकाळी एका शाळेत आणि दुपारी दुसऱ्या शाळेत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानाची शाई लावण्यात आली. मतदानाचा हक्क मिळण्याच्या दहा-बारा वर्षे आधी बोटाला शाई लागलेली ती पिढी असेल. पटावर असलेली परंतु पृथ्वीवर नसलेली कित्येक मुले त्या मोहिमेत उघडकीस आली, आणि त्या काळात 'पट' हा शब्द उच्चारताना माझ्या मुद्रेवर जो एक न्यायाधीशी भाव येऊ लागला तो निवृत्तीनंतरही पुरता गेलेला नाही. त्याच भावाने मी सोमवारी वर्गाच्या मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलो, नव्या वहीत पट, हजर, गैरहजर असे तीन रकाने आखले, आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजावर आवाज चढवून भाचीने फळ्याजवळून जे आकडे सांगितले ते यथासांग मांडले. नोकरीत असताना आकड्यापुढे तोच आकडा अक्षरी लिहिण्याची सक्ती होती. निवृत्तीबरोबर जी काही बंधने गळून पडली त्यांत हे एक होते.

मुलांनी माझी दखल कशी घेतली हे सांगण्यासारखे आहे. भाचीने मला 'मामा' म्हणून हाक मारताच सबंध वर्गाने क्षणार्धात तोच ठराव एकमताने मंजूर केला. ज्या पदोन्नतीसाठी मी अठरा वर्षे अर्ज केले ती एवढ्या तातडीने मला कधी मिळाली नव्हती. परिपाठ झाला, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष हे सर्व झाले, आणि वेळापत्रकाप्रमाणे मराठी भाषेचा तास सुरू होणार एवढ्यात पहिला दावा दाखल झाला.

वादी ही दोन वेण्या घातलेली, दुसरीतील एक मुलगी. प्रतिवादी हा तिच्या शेजारी बसणारा, नाकाशी बाहीचा सतत पत्रव्यवहार चालू असलेला मुलगा. वादाचा विषय खोडरबराचा अर्धा तुकडा. तो तुकडा उभयतांच्या मधल्या फरशीवर सापडला होता आणि फरशीच्या रेघेच्या नेमक्या कोणत्या बाजूस तो पडला होता यावर मालकी ठरणार होती. "ही फरशी मपली हाय," प्रतिवादी म्हणाला, "आन् ती बी मपलीच." वादीचे म्हणणे असे की, मधली फरशी दिवाळीपर्यंत तिच्याकडे आणि दिवाळीनंतर त्याच्याकडे अशी वाटणी जूनमध्येच झाली असून तीस साक्षीदार आहेत. मी वही घेऊन पुढे सरसावलो. पूर्वेस वादीची पाण्याची बाटली, पश्चिमेस प्रतिवादीचा डावा गुडघा, दक्षिणेस भिंत, उत्तरेस पहिलीतील एका बालकाने निजण्यासाठी पसरलेले दप्तर, अशा चतुःसीमा मी लिहून घेत आहे तोच भाचीने तो तुकडा वादीस दिला आणि प्रतिवादीस दुसरा दिला. प्रकरण मिटले. एकाही तारखेशिवाय, एकाही नकलेच्या फीशिवाय आणि नोटिशीची बजावणी झाल्याशिवाय मिटलेला बांधाचा तंटा मी हयातीत प्रथमच पाहिला आणि, खरे सांगावयाचे तर, मला थोडे वाईट वाटले.

मंगळवारचा दिवस मात्र विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण त्या दिवशी माझा आणि सरकारचा मतभेद झाला.

गणिताचा तास होता. भाचीने केरसुणीचे दहा-दहा हीर मोजून रबरात बांधलेल्या जुड्या केल्या होत्या. सहा जुड्या आणि तीन सुटे हीर फरशीवर मांडून तिने विचारले, "किती?" आणि वर्ग एका आवाजात म्हणाला, "साठ तीन!" मी खुर्चीवरून अर्धा उठलो. वाचकांस स्मरत असेल की, २०१९ साली बालभारतीचे दुसरीचे नवे गणिताचे पुस्तक आले, त्यात जोडाक्षरांच्या जंजाळातून मुलांची सुटका करावी म्हणून 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत देण्यात आली, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्यापायी महाराष्ट्राच्या रोषाला तोंड द्यावे लागले. गणिताविषयी मराठी माणूस एरवी इतका हळवा नसतो. वर्तमानपत्रे पेटली, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोटी झाली की, आता त्यातल्या 'वीस'चे काय करावयाचे. (ही कोटी करणाराने फारसीचा विचार केला नसावा. फडणवीस, चिटणीस यांतील शेपूट हे 'नवीस' म्हणजे लिहिणारा या शब्दाचे असून त्याचा संख्येशी काडीमात्र संबंध नाही. हा खुलासा तेव्हा माझ्याकडून कोणी मागितला नाही म्हणून येथे देतो.) मीही त्या वेळी संतप्त पक्षात होतो. ज्या मनुष्याने लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी चढण चढून औटकीपर्यंत साडेतीनाचा डोंगर पार केला आहे आणि 'चौदा अठ्ठे बारोदर्से' हे ज्याला झोपेतून उठवूनही म्हणता येते, त्याने 'साठ तीन' हे ऐकून स्वस्थ बसावे अशी अपेक्षाच अन्यायाची आहे.

मधल्या सुट्टीत मी भाचीस मराठी अंकांच्या सौंदर्यावर एक लहानसे व्याख्यान दिले. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ही एकाच दोनाची आठ सोंगे, यांत केवढी रसिकता आहे हे मी तिला दाखवून दिले. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक नऊवाला पुढच्या दशकाच्या उंबरठ्याशी एक पाऊल अलीकडे अदबीने उभा राहतो, परंतु नव्व्याण्णव मात्र 'एकोणशंभर' होण्यास साफ नकार देतो, हा स्वाभिमान दुसऱ्या कोणत्या भाषेत सापडेल, असेही मी विचारले. भाची डबा खात होती. ती म्हणाली, "मामा, कानडीत, तेलुगूत वीस-एकच म्हणतात. नॉर्वेत आपल्यासारखंच 'एक आणि वीस' म्हणायचे, टेलिफोनचे नंबर सांगताना घोटाळे व्हायला लागले तेव्हा त्यांच्या पार्लमेंटनं १९५१ साली 'वीस-एक' करून टाकलं."

"मग? झालं सगळं सुरळीत?"

"म्हातारी माणसं ऐकेनात," ती म्हणाली, आणि तिने मला लोणचे वाढले.

हे लोणचे मला लागले. तास पुन्हा सुरू होताच मी भाचीची अनुमती घेऊन जुन्या पद्धतीने श्रुतलेखन घातले. पहिलाच अंक मी मुद्दाम ठाशीव उच्चारात सांगितला : "त्रेसष्ट." बहुतेकांनी बरोबर लिहिले. सोमवारच्या प्रकरणातील प्रतिवादीने मात्र पाटीवर ३६ लिहिले. मी विजयी मुद्रेने त्याच्यापुढे उभा राहिलो आणि विचारले, "हे काय?"

त्याने बाहीशी एकवार पत्रव्यवहार केला आणि शांतपणे जबानी दिली : "तुमी आदी तीन बोलला. मी आदी तीन लिवला. मंग सहा बोलला. मंग सहा लिवला."

मी वकिलांच्या उलटतपासण्या ऐकल्या आहेत, परंतु इतकी निर्दोष कैफियत ऐकल्याचे मला स्मरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती ऐकताच माझ्या मनाच्या अभिलेख कक्षात फार दिवस बांधून ठेवलेला एक गठ्ठा आपोआप सुटला. चाकरीच्या सहाव्या वर्षी, ज्या कचेरीचे नाव सांगणे पेन्शनच्या हिताचे नाही अशा एका कचेरीत, एक तलाठी फेरफार वाचून सांगत होता आणि मी उतरवून घेत होतो. तो म्हणाला 'त्रेसष्ट आर'. मी ३६ लिहिले. एका गरीब गृहस्थाची २७ आर जमीन, झाडाझुडपांसह, कोणाचाही हात न लागता कागदावरून नाहीशी झाली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ मध्ये अशा प्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद आहे आणि खात्यात त्यास 'हस्तदोष' असे मोठे मायाळू नाव आहे. जणू मनुष्य निर्दोष असून दोष काय तो हाताचा. ती दुरुस्ती होण्यास चार वर्षे लागली. त्या गृहस्थाने चार वर्षांत कचेरीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की, तो गेल्यावरही त्या पायऱ्यांना त्याच्या वहाणांचा आकार राहिला असावा.

माझ्यापुढील प्रतिवादीने तोवर पाटीवर बोट ओले करून फिरवले होते आणि ६३ लिहून मोकळाही झाला होता. मी श्रुतलेखन तहकूब केले.

बुधवारी पाऊस एवढा होता की, वर्गात बोललेले कोणालाच ऐकू येत नव्हते, आणि त्यामुळे त्या दिवशी शिस्त उत्कृष्ट होती. दिशांचा पाठ घ्यावयाचा होता. सूर्य कोठे उगवतो असे भाचीने खाणाखुणांनी विचारले तेव्हा पहिलीतील एक चिमुरडी दाराशी जाऊन बाहेर पाहून आली आणि म्हणाली, "बाई, अजून उगावलाच न्हाई." आठ दिवसांत सूर्य दिसलाच नसल्यामुळे या उत्तरास चूक म्हणणे कठीण होते. दुसरीतील मंडळी अधिक प्रौढ. त्यांनी सांगितले की, सूर्य कंपन्यांच्या बाजूने वर येतो आणि कासारसाईच्या धरणात बुडतो. नकाशा काढून पाहिला तर तक्रारीस फारशी जागा नाही.

गुरुवारी हजेरी पातळ झाली. आवणी चालू होती. ज्यांच्या घरी अजून खाचरे शिल्लक आहेत त्यांची मुले चिखलात, आणि ज्यांची खाचरे इमारतींखाली गेली त्यांची वर्गात, अशी विभागणी झाली. इमारती बांधावयास दुरून आलेल्या मजुरांची मुले मात्र सर्व हजर होती. त्यांना कोणाच्याच खाचराचे बोलावणे नव्हते. भाचीने वजाबाकीसाठी नेहमीच्या आंब्यांना रजा देऊन परिसराला धरून उदाहरण घातले : "एका शेतकऱ्याकडे ४० गुंठे जमीन होती. त्याने त्यातली १२ गुंठे विकली. तर किती उरली?"

वर्ग गंभीर झाला. आंबे आणि लिमलेटच्या गोळ्यांच्या वजाबाकीत जी एक बालसुलभ बेफिकिरी असते तिचा मागमूसही राहिला नाही. पहिला हात वर झाला. "बाई, रस्त्याकडंची इकली का आतली?"

"कुठलीही विक. उरली किती?"

"न्हाई पन भाव येगळा आसतो."

दुसरा हात वर झाला. हा वादीचा होता. "आत्यांच्या सह्या झाल्यात का?"

वाचकहो, ३२ वर्षांच्या सेवेत मी पदवीधर, वकील आणि एकदा तर एक निवृत्त न्यायाधीश अशा माणसांच्या खरेदीखतांवर हाच एक प्रश्न उशिरा सुचल्यामुळे दिवाणी कोर्टाचे दार ठोठावण्याचा प्रसंग आलेला पाहिला आहे. मुलींचा वडिलार्जित मिळकतीतील समान हक्क कायद्याने २००५ साली पक्का केला. तो नेऱ्याच्या दुसरीच्या वर्गापर्यंत पोहोचला असल्याचे मी येथे अधिकृतपणे नमूद करतो. मी टाळी वाजविली. भाचीने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा वहीत डोके घातले. चर्चा पुढे गेली. एकाने सांगितले की, उरलेली जमीन चुलत्याची, सबब काहीच उरले नाही. दुसऱ्याने, ज्याची वर्गात अजून शंभरापर्यंतच कशीबशी मजल होती, अभ्यासाचे पुस्तक न उघडता सांगितले की, एक गुंठा म्हणजे हजार एकोणनव्वद फूट. तेहतीस गुणिले तेहतीस हा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला. एका फुटाचीही चूक नव्हती, आणि त्याने 'हजार ऐंशी नऊ' म्हटले नव्हते हे ऐकून माझ्या जुन्या कानांना बरे वाटले. मागे बसलेल्या एका मुलाने, जो परभणीकडून यंदाच आला होता, हळूच विचारले, "बाई, त्या बारा गुंठ्यावर बिल्डिंग व्हणार हाय का? मंग आमच्या पप्पाला काम भेटंल." तास संपला. २८ हे उत्तर शेवटी भाचीनेच फळ्यावर लिहिले, आणि ते कोणालाही फारसे महत्त्वाचे वाटले नाही.

शुक्रवार हा माझ्या दृष्टीने त्या आठवड्यातील सर्वांत सन्मानाचा दिवस. शालेय पोषण आहाराचा कायदा असा की, पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. हजर २६, म्हणून आमच्या वर्गाच्या वाट्याचा तांदूळ २ किलो ६०० ग्रॅम आणि डाळ ५२० ग्रॅम. हा ताळा मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा जुळला, ही गोष्ट सरकारी धान्याच्या बाबतीत मनाला किती प्रसन्न करते ते पुरवठा शाखेत काम केलेल्यासच कळेल. मुलांना वाढण्यापूर्वी खिचडी मोठ्या माणसाने चाखून 'चव नोंदवही'त शेरा मारावा लागतो. भाचीने ती वही माझ्यापुढे केली. आयुष्यभर मी न पाहिलेल्या रस्त्यांवर, न मोजलेल्या खड्ड्यांवर आणि न भेटलेल्या माणसांच्या हयातीच्या दाखल्यांवर सह्या केल्या. ज्या वस्तूवर सही करावयाची ती प्रत्यक्ष तोंडात घालण्याचा योग प्रथमच आला होता. पहिल्या घासावरून मत बनविणे घाईचे ठरले असते. दुसऱ्याने मिठाबद्दल संशय निर्माण केला. तिसरा घास घेतल्यावर तो दूर झाला. चौथा मी केवळ कर्तव्यबुद्धीने घेतला आणि शेरा लिहिला, 'चव चांगली आहे'. त्याची नक्कल माझ्या वहीतही उतरवून घेतली. स्वयंपाक करणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, शेरा झाला आसंल तर पोरान्ला वाढू का?"

शनिवारी सकाळची शाळा. मी नेहमीप्रमाणे कापडी पिशवीत वही, चष्मा आणि दोन पेने घालून गेलो, तो दारातच वादीने मला अडवले. "मामा, शनवारी दप्तर आनायचं नसतं." शनिवार दप्तराविना असा नवा हुकूम आहे हे मला ठाऊक नव्हते. ज्याच्या आयुष्यातून दप्तर हा शब्द काढला तर मागे फारसे काही उरत नाही अशा मनुष्यास तो हुकूम थोडा लागला. परंतु हुकूम तो हुकूम. पिशवी जप्त झाली. बाकीची मुले पटांगणात चिखल चुकवीत धावत होती. वादीने जप्त मालाची तपासणी आरंभली. चष्मा लावून पाहिला, पेनांची टोपणे उघडून पुन्हा लावली, आणि मग मांडी घालून वही उघडली. पहिल्या पानावर तिचे बोट थांबले.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"आमच्या वर्गात तीस चार पोरं हाईत," ती म्हणाली. "इथं चाळीस तीन लिवलंय."

मी वही ओढून घेतली. पट या रकान्यात, माझ्या वळणदार हस्ताक्षरात, ४३ हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. सोमवारी पावसातून भाची ओरडली होती 'चौतीस'. तिने आधी चार म्हटले. मी आधी चार लिहिला.

वादीने तोपर्यंत बोटे मोजावयास घेतली होती. "तीस पाच, तीस सहा, तीस सात..." प्रत्येक अंकागणिक एक बोट उघडे. चाळीस तीनला ती थांबली तेव्हा माझ्या नाकासमोर नऊ बोटे उभी होती आणि दहावा अंगठा तेवढा मिटलेला होता. बोटांवर शाई नव्हती, चिखल होता.

"बाकीची नऊ कुटंयत?" तिने विचारले.

ज्याने २०११ साली पटावरील मुलांचा ठावठिकाणा विचारत शाळा धुंडाळल्या त्या मनुष्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. रोजचा ९०० ग्रॅम तांदूळ आणि १८० ग्रॅम डाळ खाणारे नऊ इसम मी स्वहस्ते निर्माण केले होते, आणि कलम १५५ च्या अर्जाचा मजकूर मनाशी जुळवू लागलो होतो. तेवढ्यात ती उठली, आपल्या जागेपाशी गेली, फरशीच्या रेघेवर ठेवलेला खोडरबराचा अर्धा तुकडा घेऊन आली, आणि वही माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेऊन घासू लागली. बॉलपेनची शाई रबराने जात नाही हे मी तिला सांगितले. "जाती," ती म्हणाली. जीभ किंचित बाहेर काढून, सबंध खांद्याचा जोर लावून तिने घासले. आधी कागद काळवंडला, मग त्याचे गोळे निघू लागले, मग चारचा पोटभाग गेला आणि अखेर त्या जागी गोल भोक पडले. पहिल्या पानाच्या पाठपोट मी चार दिवस उरकले होते. भोकातून खालच्या पानावरचा शुक्रवारचा शेरा अर्धा दिसू लागला : 'चांगली आहे'.